दहा जणांचा फुटबॉल संघ

“चहात साखर नाय आन् घरात शब्द नाय,” सखारामबाबा बशीतल्या चहाला सांगत होते.

सांगत होते बशीला, पण बशी उज्वलाच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती, त्यामुळे ऐकायचं काम सुनेकडेच आलं. साखर डॉक्टरांनी बंद केली होती. शब्द आदल्या संध्याकाळपासून बंद होते. कमालभाई येऊन गेले, तेव्हापासून.

कमालभाईंचं दहिवलीत पाइप-पत्र्यांचं दुकान. माणूस इतका सभ्य की गिऱ्हाइकाला ‘माल नाही’ असं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. ‘माल रस्त्यात आहे’ म्हणायचे. त्यांचे काही पाइप वर्षानुवर्षं रस्त्यातच होते. याच दुकानातल्या पाइपांचे पंचवीस वर्षांपूर्वी दोन गोलपोस्ट झाले आणि त्यांच्याभोवती ‘उल्हास नवयुवक फुटबॉल क्लब, दहिवली’ गोळा झाला. आता क्लबचा रौप्यमहोत्सव आला होता. महोत्सव म्हटला की स्मरणिका आली, आणि स्मरणिका म्हटली की जाहिरातींच्या मधल्या जागेत भरायला इतिहास लागतो.

“जय भीम, उज्वलाताई,” कमालभाई ओसरीवर टेकत म्हणाले होते, “इतिहास तुम्हीच लिहायचा. तुमच्यासारखं अक्षर तालुक्यात नाही.”

उज्वला अंगणवाडी सेविका. मुलांची वजनं, उंच्या, लशी आणि खिचडी यांची इतकी रजिस्टरं तिने भरली होती की हिला काहीही लिहायला द्या, लिहील, असा लोकांचा समज होता. समज खराच होता. शाळा दहावीत सुटली, पण वाचनाचा नाद सुटला नाही. वीजबिलाच्या तक्रारीपासून निवृत्तीच्या मानपत्रापर्यंत दहिवलीतलं बरंचसं साहित्य तिच्याच हातचं होतं. इतिहास मात्र तिने कधी लिहिला नव्हता. ती ‘बघते’ म्हणणार, एवढ्यात कमालभाई पुढे म्हणाले, “आपण राष्ट्रीय लीगमध्ये खेळलो, तेवढं जरा सविस्तर येऊ द्या.”

तेव्हा तिचा नवरा कपिल उठला. “मोटार बंद करून येतो,” म्हणाला.

मोटार शनिवारपासून जळालेली होती.

आता ही राष्ट्रीय लीग म्हणजे काय, ते सांगायला हवं. देशाची असली तरी ती लीगची सगळ्यात खालची पायरी. बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा मोठ्या क्लबने आयत्या वेळी अंग काढून घेतलं आणि एक जागा रिकामी राहिली. कोण येतं का, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रं गेली. बाकीच्या क्लबांनी खर्चाचा हिशेब केला आणि गप्प बसले. कमालभाईंनी तेवढं उत्तर पाठवलं, कारण आलेल्या पत्राला उत्तर न देणं त्यांना असभ्यपणाचं वाटलं. अशा रीतीने आमच्या कर्जत तालुक्यातला एक क्लब निव्वळ शिष्टाचाराच्या जोरावर राष्ट्रीय पातळीवर पोचला. पोरं दक्षिणेतल्या एका शहरात महिनाभर राहिली, भाताबरोबर रोज सांबार जेवली, सगळे सामने हरली आणि परत आली.

‘सगळे सामने हरली’ हे वाक्य मी इथे सहज लिहून गेले. दहिवलीत ते कुणी उच्चारत नसे.

त्यातही गोलकीपरविषयी तर कुणी अवाक्षर काढत नसे. कारण गोलकीपर कपिल होता. त्या महिन्यात इतके गोल गेले की नंतरनंतर समोरच्या संघाने आनंद साजरा करणंही सोडलं म्हणतात. आणि कपिल असा भला माणूस की त्याला तोंडावर कोण बोलणार! कुणी चेष्टा केली नाही, टोमणा मारला नाही. लोकांनी फक्त विषय बंद केला. कपिल समोरून आला की फुटबॉलवर चाललेलं बोलणं पाण्याच्या टाकीवर जायचं. दहिवलीच्या पाण्याच्या टाकीवर इतकी चर्चा दुसऱ्या कुठल्याही कारणाने झाली नसेल.

दयेनेही माणसाला कोपऱ्यात बसवता येतं, हे उज्वलाने बारा वर्षं पाहिलं होतं.

क्लबचं मैदान म्हणजे सखारामबाबांचं शेत. पावसाळ्यात तिथे भात व्हायचं, भात कापलं की दिवाळीनंतर गुरांच्या गोठ्यातले गोलपोस्ट बाहेर काढून रोवायचे आणि पुढच्या जूनपर्यंत फुटबॉल. कपिल लावणीला जायचा, बेणणीला जायचा, कापणीला जायचा. भात उभं होतं तोवर ते त्याचं शेत होतं. गोलपोस्ट रोवले की ते मैदान व्हायचं आणि कपिलची वाट बदलायची. साजगावच्या कारखान्यात जायला तो मोटारसायकलवरून मोठा वळसा घालायचा. पेट्रोल वाढलं, वळसा तेवढाच राहिला.

म्हणून उज्वलाने कमालभाईंना सांगितलं, “लिहिते. पण सगळं लिहीन हं, चाचा.”

“सगळं लिहा,” कमालभाई म्हणाले. “फक्त जरा चांगलं लिहा.”

तिच्या मनात एवढंच होतं की इतिहासात नवऱ्याचं नाव जिथे हवं तिथे असावं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्याने त्या मैदानात यावं. त्यासाठी कुणी चार ओळी लिहायला सांगितल्या असत्या तरी ती तयार झाली असती. मागितला इतिहास, त्याला तिचा इलाज नव्हता.

इतिहास लिहायला घेतला की गावात इतिहासकार किती आहेत ते कळतं. अंगणवाडीतली मदतनीस छाया म्हणाली, “ताई, फोटो मोठे टाका. मजकूर कोण वाचतं? आमच्या भावाच्या लग्नाच्या पत्रिकेत तारीख चुकली व्हती, तरी चारशे माणूस जेवून गेलं.” पलीकडच्या आळीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी सल्ला दिला की सुरुवात इंग्रजांपासून करा, कारण फुटबॉल त्यांनी आणला. तिसऱ्याने सांगितलं, इंग्रजांचं नाव नको, वाद होतील.

राष्ट्रीय लीगचा संघ कोण कोण होता, हे विचारायला उज्वला आधी तौकीरकडे गेली. कमालभाईंचा हा मुलगा तेव्हाचा सेंटर फॉरवर्ड, आताचा तीन टेंपोंचा मालक. त्याने टेंपोच्या फाळक्यावर बसून भराभरा नावं सांगितली. उज्वलाने मोजली. दहा भरली.

“आणि गोलात?”

तौकीरने खिशातून फोन काढून कानाला लावला. “हां, बोला बोला,” म्हणत तो टेंपोमागे गेला. फोन वाजला नव्हता. एवढंच काय, तो त्याने उलटा धरला होता.

मग तिने मुनव्वरला गाठलं. हा तेव्हा बचावात खेळायचा, आता कर्जत ते कशेळे जीप चालवतो. “बसा वैनी, सीट भरेपर्यंत बोलू,” म्हणाला. सीट दोन मिनिटांत भरली आणि जीप निघाली. मुलाखत चालत्या जीपमध्ये, मांडीवर कुणाची तरी कोंबडी घेऊन झाली. मुनव्वरने फार सुंदर वर्णन केलं. हॉटेलातल्या ढेकणांचं, तिथल्या गवताचं. “वैनी, गवत म्हंजे गादी! आमी पहिल्या दिवशी बूट काढून नुसते चाललो त्याच्यावर.” नावं मात्र त्याचीही दहाच.

“मुनव्वरभाऊ, फुटबॉलला माणसं किती लागतात?”

“अकरा,” मागच्या सीटवरचा एक प्रवासी म्हणाला.

“तुला कुणी इचारलं?” मुनव्वरने आरशातून त्याला दटावलं. मग त्याने गिअर बदलला. “वैनी, तेव्हाची सिस्टीम येगळी व्हती,” म्हणाला.

“गोलकीपर नसायचा?”

“तसं नाय. असायचा. पण...” तेवढ्यात कशेळे आलं. इतकं वेळेवर गाव येताना उज्वलाने कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी ती खुद्द कमालभाईंकडे दुकानात गेली. त्यांची बायको अख्तरुन्निसा, म्हणजे सगळ्या गावाची चाची, दारात लसूण सोलत बसली होती. तिला ऐकू कमी येतं असा सर्वांचा समज होता, आणि हा समज तिने वर्षानुवर्षं जपला होता. कमालभाईंनी दहा नावं अदबीने सांगितली. अकरावं विचारल्यावर छताकडे पाहून म्हणाले, “गोलात आपल्या क्लबचाच खेळाडू होता.”

चाचीचा लसूण सोलायचा हात थांबला.  तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी गल्ल्यातली नाणी उगाच दुसऱ्या डब्यात ओतली.

एवढ्यात सरकारने प्रवेश केला. कार्यक्रम शेतात, लाउडस्पीकर लावायचा, तर परवानगी हवी. ती काढायचं कामही अक्षर चांगलं म्हणून उज्वलाकडेच आलं. खिडकीमागच्या साहेबांनी सातबारा पाहिला.

“बाई, ही भातशेती आहे.”

“हो. दिवाळीनंतर फुटबॉल असतो.”

“पिकाच्या रकान्यात फुटबॉल नाही.”

“फुटबॉल पीक नाही ना, साहेब.”

“तेच म्हणतोय मी,” साहेब समाधानाने म्हणाले. बराच काथ्याकूट झाल्यावर ठरलं की शेतमालकाची लेखी संमती आणावी. म्हणजे बारा वर्षं ज्या घरात हा विषय निघाला नव्हता, त्याच घरात तो आता सहीसाठी निघणार होता.

सखारामबाबांनी कागद तीनदा उलटापालटा केला. “सही देतो. पर माज्या बांधाला कुणी हात लावायचा नाय. खुर्च्या नाय, खांब नाय. बांध गेला तर पाणी गेलं, पाणी गेलं तर भात गेलं.”

“बांधाला कोण हात लावतंय, बाबा?”

“तवा बी मी हेच सांगितलं व्हतं,” बाबा म्हणाले आणि सही न करताच पेन खाली ठेवून बसले. मग केली. त्यांच्या सहीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी स्टेजची जागा बघायला उज्वला छायाला घेऊन शेतात गेली. स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी ‘मैदान आणि चेंडू’ असा फोटोही काढायचा होता. चेंडू कमालभाईंनी दिला होता. ऊन चढलेलं, पायाखाली भाताचे सड टोचत होते, मोबाइलवर साहेबांचा निरोप आला होता की सही निळ्या शाईत हवी. उज्वलाचं डोकं तापलं. समोर गोलपोस्ट होता आणि गोलपोस्टात कुणी नव्हतं, अगदी इतिहासात नव्हतं तसंच. तिने साडीचा ओचा धरला आणि चेंडूला एक लाथ घातली.

“अगं बया!” छाया म्हणाली.

चेंडू गडगडत सरळ गोलकडे गेला. आणि गोलात जाता जाता बांधाला आपटून, तितक्याच शिस्तीत परत तिच्या पायाशी आला.

उज्वलाने पुन्हा लाथ मारली. पुन्हा परत.

या शेताला दोन टोकांना दोन बांध, आणि गोलपोस्ट रोवलेले बांधांच्या बाहेरच्या अंगाला, अगदी चिकटून. मैदानाची लांबी वाढावी म्हणून. जमिनीवरून आलेला चेंडू बांध अडवायचा. गोलकीपरने अडवायचा तो फक्त वरून येणारा. कपिल वरच्या चेंडूला असा झेपावायचा की खालापूरपासून माणसं बघायला यायची. तिने स्वतः पाहिलं होतं. लग्नाआधी कपिल तिला आवडला तो याच झेपेमुळे, हे तिने घरात कुणाला सांगितलेलं नाही. पण खाली वाकताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. वाकायचं कामच नव्हतं. ते बांध करायचा.

आणि तिकडे दक्षिणेत, गादीसारख्या सपाट गवतावर, सगळे गोल खालून गेले होते.

ती तिथेच सडांवर बसली. मग तिला दुसरी गोष्ट सुचली आणि ती एकटीच हसायला लागली. छायाला वाटलं, उन्हाने झालं. तिने बाटलीतलं पाणी ताईच्या डोक्यावर ओतलं, त्यात मोबाइल भिजला आणि मुखपृष्ठाचा फोटो कायमचा गेला. पण उज्वलाला जे दिसलं ते दिसलं. या मैदानात गोल मारायचा तर चेंडू बांधावरून उडवावा लागे. तौकीर आणि बाकीची पोरं लहानपणापासून चेंडू उचलायलाच शिकली होती. त्या लीगमध्ये त्यांचा एकूण एक फटका गोलपोस्टच्या वरून गेला होता. जीपमध्ये मुनव्वर सांगत होता, चेंडू आणायला पोरं सारखी प्रेक्षकांत जायची. क्लबच्या नावावर अख्ख्या हंगामात एक गोल लागला, तोही समोरच्या संघाच्या माणसाने चुकून स्वतःच्या जाळीत घातलेला.

एका बांधाने अकरा जणांना हरवलं होतं. बोल मात्र बारा वर्षं एकट्यालाच लागला. तोही न बोललेला.

त्या संध्याकाळी कपिल जेवायला बसल्यावर ती म्हणाली, “अहो, मला कळलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. बांध होता तो.”

कपिलने घास हातात तसाच धरला. मग आतल्या खोलीकडे, बाबा झोपले होते तिकडे पाहिलं.

“मला पहिल्याच मॅचला कळलं होतं,” तो हळूच म्हणाला. “पहिला चेंडू गडगडत आला आणि मी वाटच बघत राहिलो, कधी अडतोय त्याची.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“काय सांगू? आमच्या गोलात बांध असतो, इथे का नाही?” तो थोडं हसला. बारा वर्षांत या विषयावर पहिल्यांदाच. “आणि बांध कुणाचा, हे माहीत आहे ना? जायच्या आधी कमालचाचांनी बाबांना विनवलं होतं, सरावापुरता एवढा हंगाम बांध खाली घेऊ द्या. बाबा नाही म्हणाले. मी हे बोललो तर सगळं गाव त्यांच्याकडे बोट दाखवील. शेत दिलं ते दिलं, वर शिव्याही त्यांनीच खायच्या? वाढ आमटी.”

आतल्या खोलीतलं घोरणं थांबलं होतं. ते मुळात सुरू तरी होतं का, याची उज्वलाला शंका आली.

तरी तिने लिहिलं. बाबांना बोल लागणार नाही अशा बेताने, हसत हसत. बांध, उडणारे फटके, गडगडणारे चेंडू, आणि अकरावं नाव: कपिल सखाराम, गोलकीपर. लिहून कमिटीला दिलं.

कमिटीने वाचलं. कमिटी म्हणजे कमालभाई, तौकीर, मुनव्वर आणि चहा. 

“फार सुंदर,” कमालभाई म्हणाले. “अक्षर तर मोत्यासारखं. पण ताई, हे बांधाचं राहू द्या. सखारामभाऊंना वाईट वाटेल. आणि ते नावाचं... कपिलला बरं नाही वाटणार. जुनी जखम. आपण असं लिहू: ‘संघाने राष्ट्रीय पातळीवर मोलाचा अनुभव घेतला.’”

“चाचा, नाव नसलेलं बरं वाटत असेल का त्यांना?”

“म्हणजे काय, की...” कमालभाईंनी कपाखालची बशी सरळ केली. “ते नाव रस्त्यात आहे असं समजा.”

उज्वलाला राग यायला हवा होता. पण समोरची तीन माणसं इतकी अवघडून बसली होती की तिला त्यांचीच कीव आली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. वाईट असतं तर तिने भांडून मिटवलं असतं. चांगुलपणाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कर्जतला छापखान्यात माधवी कॉम्प्युटरवर पानं लावत होती. संघाचा जुना फोटो समोर आला. कमालभाई मागे उभे होते. “मॅडम, डावीकडून जरा कापा. झाड येतंय मध्ये.”

माधवीने चष्मा वर केला. “झाड नाही हो. पिवळ्या शर्टातला माणूस आहे.”

कमालभाई खोकले. उज्वला कमालभाईंकडे बघत उभी राहिली. माधवीने एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माउस सोडून दिला. “मी काही कापणार नाही. कापायचं तर तुम्ही कापा,” म्हणाली. कमालभाईंना कॉम्प्युटर येत नव्हता. म्हणून पिवळा शर्ट राहिला. नावांच्या यादीत मात्र माधवीने आधीच अकरा आकडे टाकून ठेवले होते, ते काढायचे राहून गेले. त्यामुळे छापून आली ती स्मरणिका अशी: दहा नावं, आणि खाली ‘११.’ पुढे कोरी जागा. दहिवलीच्या चांगुलपणाचं इतकं अचूक चित्र दुसऱ्या कुणाला काढता आलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी कपिल घरातच होता. शर्टाची बटणं लावून पुन्हा काढत होता.  निघताना सखारामबाबा काठी टेकत दारात थांबले.

“कपल्या.”

“काय?”

“बांधावर जाऊन उभा ऱ्हा. खुर्च्यावाली पोरं हायत, त्यांचा भरवसा नाय. कार्यक्रम संपेस्तवर हलायचं नाय.”

खुर्च्या बांधापासून चांगल्या लांब होत्या. बाबांनी त्या स्वतः सकाळी जाऊन पाहिल्या होत्या. उज्वलाने सासऱ्याकडे पाहिलं. बाबा फेट्याचं टोक नीट करण्यात फार गुंतलेले होते.

बापाचं काम म्हणून कपिल गेला. बारा वर्षांनी, गोलपोस्ट रोवलेल्या त्या शेतात. दोन खांबांच्या मधोमध, बांधावर, हाताची घडी घालून उभा राहिला. मांडव मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये खुर्च्या, खुर्च्यांमागे मोकळं शेत, आणि पार शेवटी तो.

लाउडस्पीकर दोनदा बंद पडला. आमदारांचा निरोप आला की येतोय, मग आला की येत नाही. तौकीरच्या टेंपोतून आणलेल्या ट्रॉफ्यांवर ‘कबड्डी’ कोरलेलं निघालं. त्यावर घाईघाईने झेंडूच्या माळा गुंडाळल्या गेल्या, आणि प्रत्येकाने ट्रॉफी अशी धरली की जणू माळेसकटच मिळायची असते. मग कमालभाईंनी चष्मा लावून स्मरणिका उघडली आणि राष्ट्रीय लीगच्या संघाची नावं सत्कारासाठी वाचायला घेतली. एकेक जण आला, शाल घेऊन रांगेत उभा राहिला. कुणाचं पोट सुटलं होतं, कुणाचे केस गेले होते. दहावा मुनव्वर. तो जीपची चावी हातातच घेऊन आला होता.

“अकरा,” कमालभाईंनी वाचलं.

सवयीने वाचून गेले बिचारे. मग कोऱ्या जागेकडे बघत राहिले. लाउडस्पीकर, जो सगळी संध्याकाळ दगा देत होता, त्याला नेमका आताच कंठ फुटला होता, आणि कमालभाईंचा श्वास आता अख्ख्या दहिवलीला ऐकू येत होता. स्टेजवर एक शाल उरली होती. दहा जण आपापल्या बुटांकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “पाण्याच्या टाकीचं काम यंदा होणार हाय म्हणं.”

उज्वला उठणार होती. तिने पदर खोचला होता. पण तिच्या पुढच्या रांगेतून, बायकांच्या खुर्च्यांतून, अख्तरुन्निसाचाची उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माइक मागितला नाही. पहाटे उठून या सगळ्यांना भाकऱ्या घालून ज्या आवाजात त्यांना मैदानावर पिटाळायची, तोच आवाज.

“काय रं, वाचता येत नाय? मला ऐकायला येत नाय, तुमाला वाचायला येत नाय, बरं हाय!” ती नवऱ्याकडे वळली. “माल रस्त्यात हाय म्हणं! तौकीर, वर बघ. तू किती गोल मारलेस, सांग जरा लोकांना.”

“अम्मी, एक तर झाला होता...”

“तो त्यांच्या माणसाने मारला, मेल्या!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. सखारामबाबा काठीवर हनुवटी टेकून खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसतायत की काय, हे उज्वलाला मागून कळेना.

चाचीने हात वर केला. सगळ्यांच्या डोक्यांवरून, खुर्च्यांवरून, सडांवरून पार पलीकडे, जिथे दोन पाइपांच्या मधे एक माणूस हाताची घडी घालून, हलायचं नाही म्हणून सांगितलेला, उभा होता.

“हरलो आपण. समदे सामने हरलो, आन् अकरा जण मिळून हरलो. गोलात कपिल व्हता. बारा वर्सं झाली, पोरगा अजून गोलातच उभा हाय. हाक मारा रं त्याला कुणीतरी.”